सुवर्णग्रंथातली घराणी, पाण्यातल्या पेठा

व्हेनिसमध्ये घराचा पत्ता लिहिताना रस्त्याचं नाव लागत नाही. पेठेचं नाव आणि एक आकडा एवढं पुरतं. कास्तेल्लो पेठेत हे आकडे ६८२८ पर्यंत जातात आणि ते एका सरळ ओळीत चालत नाहीत. गल्लीतून बोळात, बोळातून घराखालच्या बोगद्यासारख्या वाटेत, तिथून पुलावरून पलीकडे असा त्यांचा प्रवास. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियाच्या राजवटीत पक्की झाली. तिच्या मुळाशी असलेली सहा पेठांची वाटणी मात्र कित्येक शतकं जुनी आहे. शहराच्या मधून जाणाऱ्या महाकालव्याच्या एका अंगाला सान मार्को, कास्तेल्लो आणि कान्नारेजो. दुसऱ्या अंगाला दोर्सोदुरो, सान पोलो आणि सान्ता क्रोचे. गोंडोलाच्या नाकाडावर जे लोखंडी दातेरी पातं असतं, त्याचे पुढचे सहा दाते म्हणजे या सहा पेठा आणि मागे वळलेला सातवा म्हणजे समोरचं जुदेक्का बेट, असं गोंडोलवाले सांगतात.

पुण्याच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. कसबा, शनिवार, सदाशिव यांचे जसे वेगवेगळे स्वभाव, तसेच इथेही. सान मार्को सत्तेची पेठ, कास्तेल्लो जहाजं बांधणाऱ्यांची, सान पोलो बाजाराची. आणि या सगळ्यांमधून, पाण्याच्या कडेने, उभे आहेत त्या शंभर-दीडशे घराण्यांचे वाडे, ज्यांनी पाचशे वर्षं हे शहर स्वतःच्या मुठीत ठेवलं. व्हेनिस पाहताना माझी नजर चर्चच्या घुमटांपेक्षा त्या वाड्यांच्या नावांवरच जास्त रेंगाळली. कोन्तारिनी, मोरोसिनी, दांदोलो, ग्रादेनिगो, कोर्नेर, फोस्कारी. एकाच घराण्याच्या शाखा इतक्या की निव्वळ आडनावाने वाडा सापडत नाही. मग कोन्तारिनींच्या एका वाड्याला त्याच्या गोल जिन्यावरून ‘बोव्होलो’, म्हणजे गोगलगाय, असं टोपणनाव पडतं.

महाकालवा पाहायला सगळ्यात उत्तम सोय म्हणजे एक नंबरची पाण्यातली बस. ती जवळपास प्रत्येक धक्क्यावर थांबते, त्यामुळे वाडे निवांत पाहता येतात. पूर्वी ‘पालात्झो’ म्हणायचं ते फक्त डोजेच्या, म्हणजे निवडून आलेल्या राष्ट्रप्रमुखाच्या निवासाला. बाकी सरदारांची घरं कितीही भव्य असली तरी ‘का’, म्हणजे नुसतं घर. या घरांच्या रचनेत त्यांच्या मालकांचा धंदा उघड दिसतो. पाण्याच्या बाजूला मोठं दार, आत तळमजल्यावर माल उतरवायची लांबलचक जागा आणि कोठारं, त्यावर हिशेबनिसांच्या बुटक्या खोल्या आणि त्याही वर घरातला मुख्य मजला, ज्याच्या मधोमध पुढून मागेपर्यंत जाणारा दिवाणखाना. युरोपातले इतर सरदार जमिनीच्या महसुलावर जगत होते, तेव्हा इथला सरदार मिरी, रेशीम आणि मीठ विकत होता आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नव्हता.

या सत्तेची गोष्ट १२९७ साली सुरू होते. पिएत्रो ग्रादेनिगो डोजे असताना राज्याचा कारभार पाहणाऱ्या महासभेने ठराव केला, की मागच्या चार वर्षांत जे सभासद होते त्यांनाच, चाळीस जणांच्या मंडळाच्या मंजुरीने, पुढे सभासद होता येईल. इतिहासात या घटनेला दरवाजे बंद करणं म्हणतात. लगेचचा परिणाम मात्र उलटा झाला. सभासदांची संख्या घटली नाही, वाढून हजाराच्या पुढे गेली, कारण ज्या घराण्यांचा हक्क होता त्या सगळ्यांना आत जागा मिळाली. बाहेरच्यांसाठी दार हळूहळू लागत गेलं. १५०६ पासून सरदार घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नोंद सरकारदफ्तरी होऊ लागली, १५२६ पासून लग्नांचीही. हाच तो प्रसिद्ध सुवर्णग्रंथ. त्यात नाव असेल तर पंचविसाव्या वर्षी महासभेत बसायचा हक्क, नसेल तर कितीही पैसा असो, राज्यकारभारात मत नाही.

हे सगळ्यांना मानवलं नव्हतं, आणि नाराजी सरदारांमध्येच होती. १५ जून १३१० रोजी बायामोंते त्येपोलो, क्विरिनी आणि बादोएर या घराण्यांतल्या माणसांनी उठाव केला. त्येपोलोचे लोक रिआल्तोकडून बाजाराच्या गल्लीतून सान मार्को चौकाकडे निघाले असताना वरच्या खिडकीतून जुस्तिना रोस्सी नावाच्या म्हातारीने दगडी खल खाली टाकला. तो निशाण धरणाऱ्याच्या डोक्यात बसला, तो जागीच ठार झाला आणि उठाव विस्कटला. सरकारने बक्षीस काय हवं असं विचारलं, तेव्हा तिने दोन गोष्टी मागितल्या: सणाच्या दिवशी खिडकीत संत मार्कचं निशाण लावायची परवानगी, आणि घरभाडं कधीही वाढू नये. दोन्ही मिळाल्या. घड्याळाच्या मनोऱ्याजवळ त्या खिडकीपाशी तिचं शिल्प आहे. मान वर केली तरच दिसतं. त्येपोलोचं सान पोलोतलं घर जमीनदोस्त करून तिथे त्याच्या बदनामीचा खांब उभारला गेला. सान्त आगोस्तीन चौकातल्या फरशीत त्या जागेची खूण सांगणारा लहानसा पांढरा दगड अजून आहे, आणि त्याच्यावरून माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन जातात.

त्या उठावातून दहा जणांची समिती जन्माला आली. आधी काही महिन्यांपुरती, मग कायमची. सरदारांवर नजर ठेवणारी सरदारांचीच यंत्रणा. या वर्गाची सगळी बुद्धी एकाच गोष्टीत खर्च झाली: आपल्यातला कुणीही इतरांपेक्षा उंच होऊ नये. डोजेच्या निवडणुकीची पद्धत पाहा. महासभेतून चिठ्ठ्यांनी तीस जण काढायचे, त्यांतून पुन्हा चिठ्ठ्यांनी नऊ. ते नऊ जण चाळीस निवडणार, त्यातून बारा उरणार. बारा जण पंचवीस निवडणार, त्यातून नऊ. नऊ जण पंचेचाळीस निवडणार, त्यातून अकरा. आणि हे अकरा जण शेवटचे एकेचाळीस निवडणार, ज्यांच्यापैकी किमान पंचवीस मतं मिळवणारा डोजे होणार. चिठ्ठ्या काढायला रस्त्यावरचा एखादा लहान मुलगा बोलवून आणत. १२६८ पासून प्रजासत्ताक संपेपर्यंत हे असंच चाललं. मतं विकत घ्यायची तर आधी कुणाची घ्यायची हेच कळणार नाही, इतका पेच. आणि निवडून आलेल्या डोजेला परकीय राजाचं पत्रसुद्धा एकट्याने उघडता येत नसे.

तरीही एकाने प्रयत्न केला. मारीन फालिएर वयाच्या सत्तरीत डोजे झाला आणि वर्षभरातच सरदारांची सत्ता उलथून स्वतः राजा व्हायच्या कटात सापडला. १७ एप्रिल १३५५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. डोजेंच्या निवासातलं महासभेचं दालन त्रेपन्न मीटर लांब आहे, मध्ये एकही खांब नाही. भिंतीच्या वरच्या कडेने डोजेंची चित्रं ओळीने लावलेली. फालिएरच्या जागी काळा पडदा रंगवला आहे आणि त्यावर लिहिलं आहे की ही जागा गुन्ह्यांसाठी शिरच्छेद झालेल्या मारीन फालिएरची. त्या दालनात तिंतोरेत्तोचं स्वर्गाचं अवाढव्य चित्र आहे, सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. मला मात्र तो काळा चौकोनच विसरता येत नाही. त्याचं चित्र नुसतं काढून टाकता आलं असतं. पण बसलेल्या प्रत्येक सरदाराला ती रिकामी जागा दिसत राहावी, अशी योजना होती.

फोस्कारींची कथा याहून करुण. फ्रांचेस्को फोस्कारी १४२३ पासून चौतीस वर्षं डोजे होता. महाकालव्याच्या ऐन वळणावर, जिथून दोन्हीकडचं पाणी दिसतं, त्याने आपला वाडा बांधला. त्याचा वाचलेला एकुलता एक मुलगा याकोपो लाचेच्या आणि नंतर खुनाच्या आरोपाखाली पकडला गेला, त्याचे हाल झाले, क्रीटला हद्दपारी झाली आणि तिथेच तो मेला. बाप राष्ट्रप्रमुख असून मुलाला वाचवू शकला नाही. १४५७ च्या ऑक्टोबरात दहा जणांच्या समितीने म्हाताऱ्या डोजेलाही पदावरून उतरवलं आणि १ नोव्हेंबरला तो गेला. ज्यांनी उतरवलं त्यांनीच मग त्याला डोजेच्या इतमामात निरोप दिला. त्याच्या विधवेने विरोध केला तरी. त्याची समाधी फ्रारी चर्चमध्ये आहे. वाड्यात आता विद्यापीठ भरतं.

पाण्याकाठचे वाडे सोडून आत शिरलं की पेठा खऱ्या अर्थाने भेटतात. सामान्य लोकांमध्ये दोन तट होते. पूर्वेकडचे कास्तेल्लानी, ज्यांचा कणा म्हणजे जहाजांच्या कारखान्यातले, आर्सेनालेतले कामगार. आणि पश्चिमेकडचे निकोलोत्ती, सान निकोलो चर्चच्या आसपासचे कोळी, ज्यांचा स्वतःचा निवडलेला पुढारी असे आणि त्यालाही ते डोजेच म्हणत. हे दोन तट कठडे नसलेल्या पुलांवर गुद्द्यांची लढाई करत. हरेल तो पाण्यात. दोर्सोदुरोत सान बार्नाबाजवळच्या पुलावर आजही चार पावलांच्या खुणा दगडात आहेत. लढणारे तिथे पाय रोवत. १७०५ साली एका लढाईत दगड आणि सुरे निघाले आणि सरकारने हा खेळ बंद केला. त्या आधी मात्र सरदार बाल्कन्यांतून आणि होड्यांतून हे बघत.

आर्सेनालेच्या दारापाशी संगमरवरी सिंह आहेत. त्यांतला मोठा, बसलेला, अथेन्सच्या पिरेअस बंदरातून फ्रांचेस्को मोरोसिनीने आणला. त्याच्या खांद्यावर उत्तर युरोपातून आलेल्या भाडोत्री सैनिकांनी कोरलेली रुनी अक्षरं आहेत. हाच मोरोसिनी २६ सप्टेंबर १६८७ रोजी अथेन्सला वेढा घालून बसला होता, जेव्हा व्हेनिसच्या तोफेचा गोळा पार्थेनॉनवर पडला. आत तुर्कांचा दारूसाठा होता. दोन हजार वर्षं टिकलेलं मंदिर एका क्षणात फुटलं. पुढच्याच वर्षी मोरोसिनी डोजे झाला. व्हेनिसचं सौंदर्य इतरांच्या किती नुकसानीवर उभं आहे, याचा हिशेब त्या सिंहापाशी उभं राहूनच करावा. सान मार्को चर्चचे सोनेरी घोडेसुद्धा १२०४ साली, आंधळ्या एन्रिको दांदोलोच्या मोहिमेत, कॉन्स्टँटिनोपल लुटून आणलेले आहेत.

या घराण्यांची नावं महाराष्ट्रातही येऊन पोहोचली होती, आणि तीही स्त्रियांच्या गळ्यात. १२८४ साली जोव्हान्नी दांदोलो डोजे असताना व्हेनिसने साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं नाणं पाडलं, दुकात. प्रजासत्ताक संपेपर्यंत त्याचं वजन, कस आणि चित्र फारसं बदललं नाही: एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोजे आणि त्या डोजेचं नाव, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांमध्ये उभा ख्रिस्त. मिरी आणि कापडाच्या मोबदल्यात ही नाणी तांबड्या समुद्रातून आपल्या किनाऱ्यावर येत राहिली. आपल्याकडे त्यांची पुतळी झाली, सोनार तशीच नाणी घडवू लागले, समोरासमोरच्या दोन आकृती राम-सीता म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या आणि त्यांची माळ झाली. आजीच्या पुतळ्यांच्या माळेचं मूळ या पाण्यातल्या टांकसाळीत आहे, हे सान मार्को चौकाच्या कोपऱ्यावर, जुन्या टांकसाळीच्या इमारतीसमोर उभं राहिल्यावर फार जवळून जाणवतं.

आणखी एक धागा आहे. निकोलाव मनूची हा व्हेनिसचा गरीब घरातला पोर, चौदाव्या वर्षी जहाजात लपून पळाला आणि हिंदुस्थानात आला. १६६५ साली तो मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत तोफखान्यावर होता, आणि तिथे शिवाजी महाराजांशी आपलं बोलणं झाल्याचं तो लिहितो. पुढे १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्यावर चढाई केली, तेव्हा पोर्तुगीज विजरईने वाटाघाटीसाठी त्याला मराठ्यांकडे पाठवलं. म्हातारपणी त्याने आपल्या ग्रंथाचं हस्तलिखित व्हेनिसच्या सिनेटकडे धाडलं. त्याचा भाग आज डोजेंच्या निवासासमोरच्या मार्चाना ग्रंथालयात आहे. सुवर्णग्रंथात त्याच्यासारख्याला कधीच जागा मिळाली नसती.

अर्थात, सतराव्या शतकात ती जागा विकत मिळू लागली. क्रीटसाठी तुर्कांशी १६४५ ते १६६९ असं युद्ध चाललं, खजिना रिकामा झाला आणि एक लाख दुकात देणाऱ्या घराण्यांना सरदारकी देण्यात आली. फ्रिउलीचे मानीन १६५१ मध्ये आले, रेत्झोनिको १६८७ मध्ये. रेत्झोनिकोंनी बॉन या जुन्या घराण्याचा पैसे संपल्यामुळे अर्धवट राहिलेला वाडा विकत घेऊन पुरा केला आणि १७५८ मध्ये त्यांच्यातला एक जण पोपही झाला. जुन्या घराण्यांतल्या कोर्नेर पिस्कोपियांना मात्र आपल्याच मुलांसाठी पैसे भरावे लागले. जोव्हान्नी बात्तिस्ता कोर्नेरची बायको शेतकरी घरातली, म्हणून मुलांची नावं सुवर्णग्रंथात नव्हती. ती घालण्यासाठी त्याने लाखाहून जास्त दुकात मोजले. त्याची मुलगी एलेना हिला मात्र कुठल्याच ग्रंथाने हक्क दिला नव्हता. २५ जून १६७८ रोजी पादुआ विद्यापीठाने तिला तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट दिली. जगात ही पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री मानली जाते. तिला खरं तर धर्मशास्त्रात पदवी हवी होती. ती अडवली पादुआचे बिशप ग्रेगोरियो बार्बारिगो यांनी, म्हणजे व्हेनिसच्याच दुसऱ्या सरदार घराण्यातल्या माणसाने. एलेनाचा जन्म झाला त्या महाकालव्यावरच्या वाड्यात आज नगरपालिका आहे.

एलेनाला निदान शिकता आलं. मालमत्ता फुटू नये म्हणून अनेक सरदार घरांत एकाच मुलाचं लग्न होई. हुंडे परवडत नसत, म्हणून मुली मठात जात, त्यांची इच्छा असो वा नसो. कास्तेल्लोतल्या सान्त आन्ना मठात अशाच डांबल्या गेलेल्या आर्कान्जेला ताराबोत्तीने, ती सरदार घरातली नव्हती तरी, बापांच्या या जुलमाविरुद्ध पुस्तक लिहिलं. ते तिच्या मृत्यूनंतर १६५४ मध्ये छापलं गेलं. एकाच मुलाचं लग्न करण्याचा हा शहाणपणा त्या वर्गाला महागात पडला. सोळाव्या शतकाच्या मध्यात अडीच हजारांच्या आसपास असलेले प्रौढ सरदार पुरुष अठराव्या शतकाच्या शेवटी हजार-अकराशेवर आले.

त्यांतलेही किती तरी कंगाल. सान बार्नाबाच्या आसपास सरकारने त्यांना स्वस्तात घरं दिली, म्हणून ते ‘बार्नाबोत्ती’. हलका धंदा करायचा नाही, रेशमी कपडे घालायचे, महासभेत मत द्यायचं, आणि घरी चूल पेटायची पंचाईत. मतं विकणं हा मग त्यांच्या जगण्याचा भाग झाला. सान मोइसेजवळ दांदोलोंच्या वाड्यात १६३८ पासून सरकारी जुगारखाना होता; तिथे बाकी सगळे मुखवटे घालून खेळत आणि पत्ते वाटणारे सरदार उघड्या चेहऱ्याने बसत. १७७४ मध्ये तो बंद झाला. आज सान बार्नाबाच्या चौकात बसलं की पुलाशेजारी भाजीची होडी लागलेली दिसते. याच घरांमध्ये कायद्याने राज्यकर्ते असलेली आणि प्रत्यक्षात भुकेली माणसं राहत होती.

कान्नारेजोत दुसरा दरवाजा होता, तो बाहेरून बंद होणारा. २९ मार्च १५१६ रोजी सरकारने शहरातल्या ज्यूंना एका बेटावर राहायची सक्ती केली. रात्री फाटकं बंद, पाण्यात गस्तीच्या होड्या, आणि पहारेकऱ्यांचा पगारही ज्यूंनीच द्यायचा. जागा वाढत नव्हती, माणसं वाढत होती. म्हणून घरं सात-आठ मजल्यांपर्यंत गेली, मजल्यांची उंची कमी कमी होत गेली. पाच प्रार्थनामंदिरं वरच्या मजल्यांवर बांधली गेली. महाकालव्यावरचे उंच दिवाणखाने पाहून मग इथल्या बुटक्या खिडक्यांच्या रांगा मोजाव्यात. दोन्ही एकाच सरदारवर्गाच्या सत्तेतून आले.

१२ मे १७९७ रोजी, नेपोलियनचं सैन्य किनाऱ्यावर आलेलं असताना, महासभा शेवटची बसली. गणसंख्येला सहाशे हवे होते, तेवढेही आले नव्हते. ५१२ मतांनी त्यांनी स्वतःलाच बरखास्त केलं. शेवटचा डोजे लुदोव्हिको मानीन, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पैसे भरून आलेल्या घराण्यातला. काही आठवड्यांत सान मार्को चौकात सुवर्णग्रंथ जाळला गेला, आणि ज्यूंच्या वस्तीची फाटकंही. एक्कावन्न वर्षांनी, २२ मार्च १८४८ रोजी, ऑस्ट्रियाविरुद्ध पुन्हा प्रजासत्ताक उभारलं ते दानिएले मानीनने. त्याच्या घराण्यातले ज्यू आजोबा ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांनी डोजेच्या घराण्याचं आडनाव घेतलं होतं. शहरात पुतळा आहे तो या मानीनचा.

बरेच वाडे आता सार्वजनिक कामांत आहेत. कोर्नेरांच्या वाड्यात सरकारी प्रशासनाची कचेरी, व्हेन्द्रामीन-कालेर्जीत, जिथे १८८३ मध्ये संगीतकार वाग्नर वारला, तिथे कॅसिनो, वेनिएरांच्या एकमजलीच राहून गेलेल्या वाड्यात पेगी गुगेनहाइमचा चित्रसंग्रह. अडचण आहे ती पेठांची. १९५१ मध्ये जुन्या शहरात पावणेदोन लाख लोक राहत होते. रिआल्तोजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत रहिवाशांचा चालू आकडा लावलेला असतो. २०२२ मध्ये तो पन्नास हजारांच्या खाली गेला. घरं पर्यटकांना भाड्याने जातात आणि किराण्याच्या दुकानांच्या जागी मुखवट्यांची दुकानं येतात. जुस्तिना रोस्सीने मागितलेली गोष्ट, भाडं वाढू नये ही, आज तिथल्या प्रत्येक भाडेकरूची मागणी आहे.

व्हेनिसला जाणार असाल तर मोठ्या जहाजातून उतरून चार तासांत परत जाऊ नका. कास्तेल्लोच्या पूर्व टोकाला किंवा कान्नारेजोच्या उत्तर काठाला, एखाद्या स्थानिक कुटुंबाच्या खाणावळवजा हॉटेलात राहा, रिआल्तोच्या बाजारातून फळं घ्या, आणि त्या पेठांमध्ये अजून राहणाऱ्या माणसांच्या हातात तुमचे पैसे पडतील असं पाहा.